घर सोडताना मालकाचे नुकसान कसे मोजावे?

दिल्लीस मंडी हाउसकडून इंडिया गेटकडे जाणाऱ्या कोपर्निकस मार्गावर फरीदकोट हाउस उभे आहे. एका संस्थानिकाच्या या वास्तूत आज राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण बसते. घर एकाचे व वापर दुसऱ्याचा, ही गोष्ट अशा प्रासादाप्रमाणेच आपल्या दोन खोल्यांसही लागू आहे. अशा वेळी भाडेकरूने डागडुजीकडे दुर्लक्ष केले, तर मालकाचे नुकसान किती धरावे? या एका प्रश्नापायी वर्षांचा घरोबा तुटलेला आपण पाहिला असेल.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमातील कलम १०८ सांगते की, वेगळा करार नसल्यास भाडेकरूने घर मिळाले तशाच स्थितीत परत करावे. रोजच्या वापराची झीज व अनिवार आपत्ती यांतून वगळल्या आहेत. भाडेकरूच्या हयगयीने बिघाड झाला असल्यास, मालकाने सूचना दिल्यापासून तीन महिन्यांत त्याने तो दुरुस्त करावयाचा असतो.

आता हिशेब पाहू. समजा, नळ महिनोन् महिने गळत राहिला आणि लाकडी कपाट कुजले. नवे कपाट १२,००० रुपयांस मिळते. पण जुने बारा वर्षे टिकणारे होते व त्याची आठ वर्षे सरली होती. मग न्याय्य नुकसान उरलेल्या चार वर्षांचे, म्हणजे ४,००० रुपये. २,५०० रुपयांत ते नीट होत असेल, तर तेवढेच मागावे. जुन्याच्या जागी नवे फुकट मिळवणे ही भरपाई नव्हे. १८७२ च्या करार अधिनियमाचे कलम ७३ देखील भंगातून स्वाभाविकपणे उद्भवणाऱ्या हानीचीच भरपाई देते, दूरान्वयाच्या हानीची नाही. आणि हानी टाळण्याचे कोणते उपाय हाताशी होते, हेही विचारात घेते.

केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याने राज्यांपुढे कामांची वाटणीही ठेवली आहे. नळाचे वायसर, कुलपे, खिडक्यांच्या काचा भाडेकरूकडे. चुनासफेदी व बांधकामाची दुरुस्ती मालकाकडे. राहत्या घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असेही तो म्हणतो.

तेव्हा वाचकहो, किल्ली हाती घेताना दोघांनी मिळून घरभर फिरावे. भिंती, नळ, कड्या, काचा यांची स्थिती तारखेनिशी लिहून सह्या कराव्यात. त्या एका कागदावाचून पुढचा सारा हिशेब अंदाजाचा ठरतो.