दुर्मिळ व्हिडिओ गेमचा शोध : वस्तू, साक्ष आणि पाठ

जुन्या वाड्याच्या माळ्यावर एखादी अज्ञात पोथी सापडली म्हणजे अभ्यासकांस आनंद का होतो, हे कोणास समजावून सांगावे लागत नाही. परंतु चाळीस वर्षांपूर्वीचा, प्लॅस्टिकच्या लहानशा डबीत बंद असलेला एक व्हिडिओ गेम सापडला आणि त्यामुळे शेकडो प्रौढ माणसे हर्षभरित झाली, असे सांगितले तर ऐकणाऱ्यास तो पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. हा समज घाईचा होय. या आनंदाचे पृथक्करण केले असता त्यात निदान तीन निरनिराळ्या गोष्टी एकवटलेल्या आढळतात : वस्तूची दुर्मिळता, वस्तूपासून मिळणारी साक्ष, आणि वस्तूत साठविलेला पाठ. या तिहींची गल्लत झाल्यास काय हानी होते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम वस्तूचे स्वरूप पाहू गेल्यास, १९७७ साली अमेरिकेतील अटारी कंपनीने 'व्हिडिओ कॉम्प्युटर सिस्टीम' नावाचे, घरच्या दूरचित्रवाणी संचास जोडावयाचे यंत्र विक्रीस आणले. पुढे ते 'अटारी २६००' या नावाने प्रसिद्ध झाले. खेळ या यंत्रात नसे. तो 'कार्ट्रिज' नावाच्या सुट्या डबीत असे आणि डबी बदलली की खेळ बदले. मराठी बोलण्यात अशा डबीस पुढे 'कॅसेट' हे नाव पडले. वस्तुतः तिच्यात फीत नसते, न पुसणाऱ्या स्मृतीची एक चिप असते. यंत्राची स्वतःची कार्यकारी स्मृती अवघी १२८ बाइट होती. विशेष योजना न करता डबीत जास्तीत जास्त ४,०९६ बाइट मावत. रोमन लिपीतील दोन छापील पृष्ठांच्या मजकुराएवढ्या या जागेत चित्रे, आवाज, नियम आणि हारजीत हे सर्व बसवावे लागे.

अशा वस्तू दुर्मिळ का झाल्या, याचे कारण त्या व्यवसायाच्या इतिहासात आहे. १९७९ साली स्थापन झालेल्या ॲक्टिव्हिजन या कंपनीने अटारीच्या यंत्रासाठी बाहेरच्या कंपनीनेही खेळ रचावेत असा पायंडा पाडला. तिचे यश पाहून १९८२ च्या सुमारास अनेक लहानमोठ्या कंपन्या बाजारात उतरल्या. मागणीपेक्षा माल फार झाला आणि १९८३ मध्ये अमेरिकेतील हा बाजार कोसळला. जेथे सुमारे ३ अब्ज डॉलरांची वार्षिक उलाढाल होती, तेथे १९८५ पर्यंत ती सुमारे १० कोटी डॉलरांवर आली, असे सामान्यतः सांगितले जाते. एकदोन खेळ काढून बंद पडलेल्या कंपन्यांचे दप्तर कोणी जपले नाही. न खपलेला माल मातीमोल किमतीस गेला किंवा टाकून देण्यात आला. म्हणून या खेळांच्या बाबतीत दुर्मिळता ही बहुधा अपयशाची खूण असते. जो खेळ लोकप्रिय झाला, त्याच्या प्रती आजही विपुल आहेत.

आता तीन प्रकारचे शोध क्रमाने पाहता येतील. पहिल्या प्रकारात वस्तू दुर्मिळ असते, पण तिच्यातील पाठ दुर्मिळ नसतो. बांदाई कंपनीने १९८७ मध्ये निन्टेन्डोच्या यंत्रासाठी 'स्टेडियम इव्हेंट्स' नावाचा खेळ अमेरिकेत विक्रीस आणला. जमिनीवर अंथरलेल्या चटईवर प्रत्यक्ष धावून तो खेळावयाचा असे. लवकरच निन्टेन्डोने त्या चटईचे हक्क घेतले, तिला 'पॉवर पॅड' असे नाव दिले आणि १९८८ मध्ये तोच खेळ 'वर्ल्ड क्लास ट्रॅक मीट' या नव्या शीर्षकाने पुन्हा काढला. जुन्या शीर्षकाच्या अमेरिकी प्रती फार थोड्या उरल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये वेष्टन न फोडलेली अशी एक प्रत ४१,३०० डॉलरांस विकली गेली. मात्र खेळ म्हणून पाहिल्यास तिच्यात जे आहे, तेच जवळजवळ जसेच्या तसे नव्या शीर्षकाच्या स्वस्त प्रतीत आहे. मुखपृष्ठ बदललेल्या पुस्तकाची पहिली छपाई आणि दुसरी छपाई यांत जो फरक असतो, तोच येथे आहे. संग्राहकाचा आनंद खोटा नाही. पण त्या आनंदाने खेळांविषयीच्या ज्ञानात फारशी भर पडत नाही.

दुसऱ्या प्रकारात नव्याने सापडते ती साक्ष. १९८२ साली 'मेन-ए-व्हिजन' या कंपनीने अटारी २६०० साठी 'एअर रेड' हा खेळ काढला. खाली शहराच्या इमारती, वरून येणारी शत्रूची याने आणि मध्ये त्यांना पाडणारा खेळाडू, असे त्याचे साधे स्वरूप आहे. या कंपनीचा दुसरा कोणताही खेळ ज्ञात नाही. खेळाच्या निळ्या, वर मुठीसारखा आडवा दांडा असलेल्या काही डब्या संग्राहकांच्या हाती होत्या आणि त्यांतील पाठही वाचला गेला होता. परंतु त्या कोणत्या खोक्यातून विकल्या गेल्या, हे कोणी पाहिले नव्हते. २०१० मध्ये टेक्सास राज्यात एका गृहस्थाकडे खोक्यासह प्रत निघाली आणि ती ३१,६०० डॉलरांस विकली गेली. २०१२ मध्ये खोका आणि माहितीपुस्तिका या दोहोंसह दुसरी प्रत पुढे आली. तिला ३३ हजार डॉलरांहून अधिक किंमत आली. २०२१ मध्ये टेक्सासमध्येच, दान म्हणून आलेल्या वस्तू विकणाऱ्या एका संस्थेच्या मालात आणखी एक डबी आढळली आणि तिचे १० हजार डॉलरांहून अधिक आले. येथे खेळाचा पाठ आधीच ठाऊक होता. खोक्याने आणि पुस्तिकेने जी भर घातली, ती पोथीच्या पुष्पिकेने घालावी तशी आहे. खेळ कोणी काढला, ग्राहकास तो काय म्हणून विकला, कसा खेळावा असे सांगितले, हे प्रश्न पाठाच्या बाहेरचे खरे. पण त्यांच्यावाचून पाठ पोरका राहतो.

साक्षीचे आणखी एक उदाहरण न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो गावचे आहे. न खपलेले खेळ अटारीने सप्टेंबर १९८३ मध्ये तेथील कचराभूमीत पुरले होते. पुढे या प्रकरणास दंतकथेचे रूप आले आणि 'ई. टी.' या एकाच फसलेल्या खेळाच्या लाखो प्रती तेथे गाडल्या, असे सांगण्यात येऊ लागले. २६ एप्रिल २०१४ रोजी उत्खनन झाले, तेव्हा सुमारे १,३०० डब्या वर काढण्यात आल्या. 'ई. टी.' त्यांत होताच; पण त्याच्याबरोबर चांगल्या खपलेल्या खेळांच्याही कितीतरी डब्या होत्या. एक फसलेला खेळ लपविण्यासाठी खड्डा खणला गेला, ही कथा त्यामुळे टिकत नाही. गोदाम रिकामे केले गेले, असे म्हणणे पुराव्यास अधिक धरून आहे. चुरगळलेल्या, कुजक्या वासाच्या त्या डब्या खेळण्यास निरुपयोगी, आणि 'ई. टी.' तर जुन्या बाजारात सहज मिळणारा खेळ. तरीही त्यांच्या विक्रीतून एक लाख डॉलरांहून अधिक रक्कम उभी राहिली आणि एक डबी वॉशिंग्टन येथील अमेरिकी इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेली. मोल होते ते त्या कोठे सापडल्या याचे.

तिसऱ्या प्रकारात प्रत्यक्ष पाठच नव्याने हाती येतो. ज्ञानाच्या दृष्टीने हा प्रकार सर्वांत महत्त्वाचा होय. विल क्राउथर यांनी १९७५–७६ च्या सुमारास केंटकीतील गुहांच्या आधारे 'ॲडव्हेंचर' हा शब्दांतून खेळावयाचा संगणकीय खेळ रचला; १९७७ मध्ये स्टॅनफर्ड येथील डॉन वुड्स यांनी त्याचा विस्तार केला. प्रचारात राहिली ती विस्तारित प्रत. क्राउथर यांची मूळ रचना म्हणजे गुहेचे निव्वळ वर्णन असावे आणि जादू, बुटके, खजिना ही अद्भुताची भर वुड्स यांची असावी, असा समज त्यावरून रूढ झाला. २००५ मध्ये वुड्स यांच्या विद्यार्थिदशेतील संगणक-दप्तराच्या जतन केलेल्या प्रतीत क्राउथर यांची फोरट्रान भाषेतील मूळ संहिता मिळाली आणि डेनिस जेर्झ यांनी २००७ मध्ये तिचा अभ्यास प्रसिद्ध केला. अद्भुताची बीजे त्या मूळ पाठातच आहेत, हे त्यावरून सिद्ध झाले. प्रक्षेप कोणता आणि मूळ कोणते, याचा निर्णय प्राचीन काव्याच्या बाबतीत ज्या रीतीने करतात, त्याच रीतीने येथे झाला. आणि जुनी प्रत हाती येईपर्यंत सर्वांस पटलेले अनुमान चुकीचे ठरले.

अप्रकाशित खेळांचे नमुनेही याच प्रकारात मोडतात. माइंडस्केप कंपनीने १९९० मध्ये निन्टेन्डोच्या यंत्रासाठी 'डेज ऑफ थंडर' हा खेळ प्रसिद्ध केला. परंतु ख्रिस ओबर्थ यांनी त्याच नावाची एक निराळी रचना केली होती, ती कधीच बाहेर आली नाही. त्यांच्या मागे राहिलेल्या फ्लॉपी तबकड्यांवरून २०२० मध्ये ती पुन्हा जुळविण्यात आली.

अशा नमुन्यांच्या बाबतीत एक गोष्ट विसरून चालत नाही. विक्रीस काढलेल्या डबीतील चिपमध्ये पाठ कारखान्यातच कोरलेला असतो, म्हणून तो दीर्घकाळ टिकतो. नमुन्याची प्रत मात्र बहुधा 'ईप्रॉम' जातीच्या चिपवर असते. तिच्यात प्रत्येक खूण ही कोंडून ठेवलेल्या विद्युत्भाराच्या रूपाने असते. चिपच्या माथ्यावर लहानशी पारदर्शक खिडकी असते. तीतून अतिनील प्रकाश सोडला की पाठ पुसला जातो आणि चिप पुन्हा वापरता येते. त्या खिडकीवर चिकटविलेला, हाताने नाव लिहिलेला कागद हा एकाच वेळी पुरावाही असतो आणि पाठाचे कवचही. परंतु कागद जागेवर असला तरी कोंडलेला भार दशकानुदशके हळूहळू झिरपत असतो. एखादी खूण उलटली की एखादे चित्र बिघडते. दुसरी उलटली की खेळ सुरूच होत नाही. पोथीस वाळवी लागली तर ती दिसते. ही वाळवी बाहेरून दिसत नाही.

उपाय अवघड नाही. चिपचा प्रत्येक पत्ता क्रमाने वाचून पाठ उतरवून घ्यावयाचा, पुन्हा वाचून ताडून पाहावयाचा आणि दुसरी प्रत मिळाल्यास दोहोंतील पाठभेद नोंदवावयाचे. ४,०९६ बाइटच्या खेळास हे काम क्षणांचे आहे. त्यास या क्षेत्रात 'डंप' करणे म्हणतात. कचरा टाकून देणे आणि स्मृतीतील मजकूर उतरवून घेणे हे दोन्ही अर्थ इंग्रजीत या एका शब्दाने व्यक्त होतात, ही भाषेच्या अभ्यासकाने टिपण्यासारखी गोष्ट आहे. अलामोगोर्डोस खेळांचे पहिले 'डंप' झाले, दुसरे त्यांना वाचविते.

संग्राहकांची नित्याची परिभाषा मात्र या कामाकडे पाठ फिरवून उभी आहे. 'लूज' म्हणजे नुसती डबी, 'सी.आय.बी.' म्हणजे खोका व पुस्तिका यांसह पूर्ण. 'सील्ड' म्हणजे वेष्टन न फोडलेली. याशिवाय अटारीच्या खेळांसाठी १ ते १० अशी दुर्मिळतेची श्रेणी आहे. हे सर्व शब्द देहाचे वर्णन करतात. बाजारही तेच ऐकतो. जुलै २०२१ मध्ये 'सुपर मारिओ ६४' ची वेष्टनबंद प्रत १५ लाख ६० हजार डॉलरांस गेली. हा खेळ एक कोटीहून अधिक खपलेला. त्याच्या पाठास कसलेही भय नाही. उलट एकमेव नमुना ज्याच्या हाती येतो, त्याच्या मनात निराळी भीती असते : पाठ उतरवून सर्वांस दिला तर आपल्या प्रतीची किंमत उतरेल. म्हणून तो कधी कधी चिप न वाचताच कपाटात ठेवतो. 'एअर रेड'चा अनुभव या भीतीस दुजोरा देत नाही. त्याचा पाठ उपलब्ध असूनही खोक्यासह प्रतींना तीस हजारांवर किंमत आली. वस्तूची किंमत वस्तूपणास मिळते, पाठ गुप्त राहिल्याबद्दल नव्हे.

पाठ वाचला तरी तो वाचकापर्यंत पोहोचणे ही निराळी अडचण आहे. अमेरिकेत २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात रीतसर उपलब्ध नाहीत, असे 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन' या संस्थेने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीत आढळून आले. ग्रंथालयांनी जतन केलेले असे खेळ संशोधकांस दूर बसून पाहू द्यावेत, ही सवलत तेथील कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. म्हणजे शोध लागला, पाठ उतरविला, तरी अभ्यासकास प्रत्यक्ष त्या दाराशी जावे लागते.

तात्पर्य, दुर्मिळ खेळ सापडल्याचा आनंद सकारण आहे. परंतु तो कशाचा आनंद आहे, हे प्रत्येक वेळी विचारले पाहिजे. वस्तू संग्राहकाची राहो, तिची किंमतही त्यास मिळो. तिचे खोके, पुस्तिका, सापडण्याचे स्थळ आणि हस्ताक्षरातील चिठ्ठी यांची नोंद व्हावी. आणि पाठ, तो टिकून आहे तोवर, उतरवून घेतला जावा. संग्राहक नसते तर यांतील बहुतेक डब्या कचऱ्यातच गेल्या असत्या, हे ऋण अभ्यासकांनी मान्य केले पाहिजे. त्याबरोबरच कपाटात ठेवलेली न वाचलेली चिप ही अद्याप सापडलेली नाही, असेच समजणे भाग आहे.