खरे असून तोतये

पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले आणि पुढे ‘तो भाऊ मीच’ म्हणत एक तोतया पेशव्यांच्या मुलखात उभा राहिला. १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले आणि न. चिं. केळकरांनी त्या प्रकरणावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक रचले. त्या तोतयाजवळ पुरावा नव्हता, छाती होती. आजच्या महाविद्यालयांत नेमका उलटा मामला दिसतो: गुणपत्रिका खरी, दाखला खरा, प्रवेश रीतसर, आणि तरीही आज ना उद्या आपले पितळ उघडे पडणार ही धास्ती मनात घर करून बसलेली.

पांढुर्ण्याहून किंवा सौसरहून नागपूरला शिकायला गेलेला विद्यार्थी डोळ्यांपुढे आणावा. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, हा संत्र्यांचा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला, आणि २०२३ मध्ये छिंदवाड्यातून फुटून पांढुर्णा जिल्हा झाला. घरातली नागपुरी वळणाची मराठी मात्र कोणत्याच फेरवाटणीने हलली नाही. शाळेत हिंदी आणि पुढे वर्गात इंग्रजी. प्राध्यापकांनी प्रश्न टाकताच उत्तर त्याला ठाऊक असते. परंतु ते मनात मराठीत जुळवून इंग्रजीत उतरवीपर्यंत पुढच्या बाकावरचा कोणी बोलून मोकळा होतो. परीक्षेत त्याच्याहून अधिक गुण पडले, तर आमचा गडी म्हणतो, पेपरच सोपा होता.

पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये कर्तबगार स्त्रियांच्या निरीक्षणातून, खरे असूनही आपण तोतयेच आहोत, या भावनेचे वर्णन केले. पुढे क्लान्सबाईंनी ती मोजण्यासाठी वीस विधानांची प्रश्नावली सिद्ध केली. हा रोग नव्हे. चटकन चिंतेत पडणाऱ्या स्वभावात ती अधिक आढळते, आणि सर्व काही निर्दोषच हवे असा हट्ट धरणारे तिच्या तावडीत लवकर सापडतात. काम समोर आले की अशी माणसे एक तर गरजेच्या दुप्पट तयारी करतात, नाहीतर अखेरच्या रात्रीपर्यंत चालढकल. यश आलेच, तर पहिल्या प्रकारात ते कष्टांच्या नावे पडते, दुसऱ्यात नशिबाच्या, आणि बुद्धीच्या खात्यावर छदामही जमा होत नाही.

तथापि सारा दोष स्वभावाच्या माथी मारणे मला अर्धवट न्याय वाटतो. ज्याच्या उच्चारांना वर्ग एकदा हसला, त्याची भीती निराधार कशी म्हणावी? म्हणून प्राध्यापकमहाशयांना इतकीच अर्जी, की प्रश्न विचारल्यावर पहिला हात वर येताच पुढे सरकू नये, घटकाभर थांबावे.