उंचीची खतावणी

सातव्या वर्षीच मुलीच्या काखेत केस दिसू लागतात, घामाला मोठ्या माणसांसारखा वास येतो, कपाळावर पुटकुळ्या उठतात. ‘आताच वयात आली की काय!’ असे आजी हळूच म्हणते आणि विषय तिथेच झाकला जातो. वर्धा, हिंगणघाट किंवा आर्वी, कोठल्याही घरात हे घडू शकते. मात्र येथे संकोचापेक्षा माहिती अधिक उपयोगाची आहे.

या बदलांमागे बहुधा मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क म्हणजेच अ‍ॅड्रिनल ग्रंथी असतात. साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात त्या डीएचईएसारखी संप्रेरके अधिक प्रमाणात स्रवू लागतात. त्यांची बाह्य चिन्हे मुलींत ८ आणि मुलांत ९ वर्षांच्या आत दिसली, तर त्यास अकाली अ‍ॅड्रिनार्की म्हणतात. हे खरे वयात येणे नव्हे. त्याची सुरुवात मेंदूच्या संदेशाने होते. मुलींत स्तनांची आणि मुलांत वृषणांची वाढ हे त्याचे पहिले लक्षण होय.

अकाली अ‍ॅड्रिनार्कीत उंची काही काळ वेगाने वाढते आणि हाडांचे वय प्रत्यक्ष वयाच्या थोडे पुढे जाते. तरीही अशा बहुतेक मुलांची अंतिम उंची आईवडिलांच्या उंचीला साजेशीच राहते. औषधही लागत नाही. स्थूल मुलांत हा प्रकार अधिक आढळतो, म्हणून तळलेले व गोड पदार्थ आवरणे आणि मैदानी खेळ वाढवणे हिताचे.

परंतु हीच चिन्हे क्वचित ग्रंथींच्या जन्मजात दोषाची किंवा गाठीचीही असतात. उंची झपाट्याने वाढणे, आवाज घोगरा होणे, केस भराभर पसरणे हे धोक्याचे इशारे. अशा वेळी हाडांची वाढ लवकर संपते. आज वर्गात सर्वांत उंच दिसणारे मूल पुढे ठेंगणे राहू शकते. डाव्या मनगटाचा एक्स-रे आणि रक्ततपासणी यांवरून डॉक्टर भेद ओळखतात. त्यासाठी प्रथम बालरोगतज्ज्ञांकडे जावे. १९६९ साली सुरू झालेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतही बालरोग विभाग आहे.

दुकानाची खतावणी नित्य लिहिली जाते. मुलांच्या उंचीचीही लिहावी. दर सहा महिन्यांनी, अनवाणी, एकाच भिंतीशी उभे करून घेतलेली नोंद तारखेसह ठेवावी. ५ ते १८ वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे वाढ-तक्ते उपलब्ध आहेत. तपासणीला जाताना ती वही सोबत असली, म्हणजे वाढीचा वेग डॉक्टरांना पहिल्याच भेटीत कळतो.