चर्चला करमाफी असावी का? आधी प्रश्न नीट फोडू या

अमेरिकेत हा वाद निदान दीडशे वर्षं जुना आहे. १८७५ साली राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी काँग्रेसला पाठवलेल्या वार्षिक संदेशात चर्चच्या मालमत्तेवर कर लावावा असं सुचवलं होतं. वगळायचं ते फक्त दफनभूमी आणि फार तर प्रार्थनेच्या इमारती. तसं काही झालं नाही. आजही तिथल्या पन्नासही राज्यांत प्रार्थनास्थळांना मालमत्ता करातून सूट आहे.

समजा, तुमच्या पीएचडीच्या मुलाखतीत कोणी विचारलं, "ही सूट योग्य आहे का?" बहुतेक जण लगेच बाजू घेतात. बाजू जरूर घ्या, पण त्याआधी हे बघा की या एका प्रश्नात चार वेगळे प्रश्न दडलेले आहेत आणि प्रत्येकाला लागणारा पुरावा वेगळा आहे. ते एकेक करून सुटे करू.

पहिला प्रश्न: कोणता कर?

"चर्च कर भरत नाही" हे वाक्य अर्धंच खरं आहे. केंद्रीय आयकरातली सूट कलम ५०१(सी)(३) खाली मिळते आणि त्याच कलमात विद्यापीठं, धर्मादाय रुग्णालयं, अन्नवाटप करणाऱ्या संस्थाही बसतात. पण चर्चने आपल्या मूळ कामाशी संबंध नसलेला धंदा नियमित चालवला, तर १९६९ च्या कायद्यापासून त्या उत्पन्नावर कर लागतो. पाद्रींच्या पगारावरही आयकर असतो, घरभत्त्याला मात्र खास सवलत आहे. देणगीदाराला मिळणारी वजावट ही आणखी वेगळी गोष्ट. ती १९१७ पासून आहे, आणि कर वाचतो तो देणगीदाराचा.

सर्वसामान्य माणसाला झळ बसते ती मालमत्ता कराची. हा कर स्थानिक असतो. शाळा, अग्निशमन, रस्ते यांचा बराच खर्च त्यातून निघतो. गावातली मोक्याची जागा करातून सुटली, की तेवढा बोजा शेजारच्या घरमालकांवर पडतो किंवा सेवा कमी होतात. म्हणून "कर" असा मोघम शब्द लिहून पुढे जाऊ नका.

दुसरा प्रश्न: तुलना कोणाशी?

माझा विषय रसायनशास्त्र. आमच्याकडे कंट्रोल नसलेल्या प्रयोगाला कोणी दारात उभं करत नाही. इथेही तेच. चर्चला सूट मिळते, पण कोणाच्या तुलनेत? शेजारच्या दुकानाच्या की शेजारच्या ग्रंथालयाच्या?

यावर सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. पहिला १९७० चा, वॉल्झ विरुद्ध न्यूयॉर्क शहराचा कर आयोग. फ्रेडरिक वॉल्झ यांच्याकडे स्टेटन आयलंडवर जमिनीचा छोटा तुकडा होता. त्यांचं म्हणणं असं की चर्चला सूट म्हणजे माझ्या करातून धर्माला आडमार्गाने दिलेली देणगी. न्यायालयाने ७ विरुद्ध १ मतांनी ते फेटाळलं. कारणं दोन. एक, ही सूट एकट्या चर्चला नव्हती. रुग्णालयं, ग्रंथालयं, वैज्ञानिक संस्था अशा मोठ्या वर्गाला ती होती. दुसरं, कर लावला की चर्चचं मूल्यांकन, थकबाकी, जप्ती हे सगळं आलं. म्हणजे सरकार धर्मात कमी नव्हे, जास्त गुंतणार.

दुसरा निकाल १९८९ चा, टेक्सस मंथली विरुद्ध बुलक. टेक्ससने फक्त धर्मप्रसार करणाऱ्या नियतकालिकांना विक्रीकरातून वगळलं होतं. न्यायालयाने ती सूट रद्द केली. देश तोच, संविधान तेच, निकाल उलटा. दोन खटल्यांत कर वेगळे होते हे खरं, पण निकाल फिरवणारा मोठा फरक हा, की पहिल्या सुटीत इतरही होते आणि दुसरीत फक्त धर्म होता.

तिसरा प्रश्न: सुटीच्या बदल्यात काय?

सूट फुकट नाही. १९५४ मध्ये सिनेटर लिंडन जॉन्सन यांच्या दुरुस्तीने अशा संस्थांना निवडणुकीत उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करण्यास बंदी घातली. न्यूयॉर्क राज्यातल्या एका चर्चने १९९२ च्या निवडणुकीआधी बिल क्लिंटन यांच्याविरुद्ध वृत्तपत्रांत जाहिराती दिल्या. कर खात्याने १९९५ मध्ये त्याची मान्यता काढून घेतली आणि २००० मध्ये अपील न्यायालयाने ते योग्य ठरवलं. तेव्हा सूट हा हक्क आहे की सौदा, हेही ठरवावं लागतं.

चौथा प्रश्न: आकडा कुठून आणणार?

संशोधकाची अडचण खरी इथे सुरू होते. अमेरिकेतल्या बहुतेक धर्मादाय संस्थांना दरवर्षी फॉर्म ९९० भरावा लागतो आणि तो कोणालाही पाहता येतो. चर्चना तो भरावा लागत नाही. करमुक्त दर्जासाठी अर्जही करावा लागत नाही. वर १९८४ च्या कायद्यानुसार वरिष्ठ अधिकाऱ्याने सबळ कारण लेखी नोंदवल्याशिवाय कर खात्याला चर्चची चौकशी सुरू करता येत नाही.

मग "चर्चच्या करमाफीमुळे इतके अब्ज बुडतात" हे आकडे येतात कुठून? अंदाजातून. २०१२ मध्ये समाजशास्त्रज्ञ रायन क्रॅगन आणि सहकाऱ्यांनी वर्षाला सुमारे ७१ अब्ज डॉलर असा आकडा मांडला, तो अजून फिरतो. असा आकडा दिसला की तो उचलण्याआधी तीन गोष्टी तपासा: त्यात कोणकोणते कर धरलेत, देणग्यांना उत्पन्न मानलंय की खर्च वजा करून उरलेल्या रकमेला, आणि सूट काढल्यावर लोक तसेच वागतील हे गृहीत धरलंय का. दुसऱ्या मुद्द्यावरच आकडा कितीतरी पट बदलू शकतो.

आपल्याकडची पद्धत इथे तुलनेला उपयोगी आहे. १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात सार्वजनिक न्यासाच्या व्याख्येत मंदिर, मठ यांच्या बरोबरीने चर्च, सिनेगॉग आणि अग्यारीही येतात. त्यांना नोंदणी करावी लागते, हिशेब ठेवावे लागतात आणि त्यावर धर्मादाय आयुक्तांची देखरेख असते. म्हणजे करसवलत आणि हिशेबातून सूट या दोन गोष्टी एकत्रच आल्या पाहिजेत असं नाही.

माझं मत इथेच येऊन थांबतं. ग्रंथालय, रुग्णालय यांच्या रांगेत बसवून प्रार्थनास्थळाला दिलेली सूट मला समर्थनीय वाटते. हिशेबातून दिलेली वेगळी सूट वाटत नाही. यावर दोन आक्षेप येतील. लहान चर्चला कागदपत्रं झेपणार नाहीत, हा पहिला. पण ज्यांची वार्षिक जमा साधारण ५०,००० डॉलरपर्यंत असते, अशा इतर लहान संस्था चार ओळींचा छोटा ऑनलाइन फॉर्म भरतातच. दुसरा आक्षेप जड आहे: नावडत्या पंथाच्या वह्या उघडायची सत्ता सरकारला मिळाली तर? ही भीती खोटी नाही आणि उत्तर देताना ती बाजूला सारता येणार नाही.

आता तुमचं काम. "चर्चला करमाफी असावी का?" हे खोडा आणि एका ओळीत लिहा: कोणता कर, कोणती संस्था, तुलना कोणाशी, डेटा कुठला. उदाहरणार्थ: "एका काउंटीत करमुक्त मालमत्तेच्या एकूण मूल्यात प्रार्थनास्थळांचा वाटा किती आणि रुग्णालयांचा किती?" बऱ्याच काउंटींच्या मालमत्ता नोंदी लोकांना खुल्या असतात, त्यामुळे हा प्रश्न सुटू शकतो. एक खबरदारी मात्र घ्या. ज्या इमारतीकडून करच घ्यायचा नाही, तिचं मूल्यांकन वर्षानुवर्षं जुनंच राहू शकतं. म्हणून नोंदीतला आकडा वापरण्याआधी शेवटचं मूल्यांकन कोणत्या साली झालं ते बघा.