वाइट्समन, मार्टिन लॉरेन्स
(१ एप्रिल १९४२–२७ ऑगस्ट २०१९). अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ. माहिती अपुरी असताना पर्यावरणविषयक धोरण कसे ठरवावे, या प्रश्नाच्या सैद्धांतिक विवेचनाबद्दल प्रसिद्ध. जन्म न्यूयॉर्क येथे. स्वार्थमोर महाविद्यालयात गणित व भौतिकी यांचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेची पीएच्.डी. मिळविली (१९६७). येल विद्यापीठ, मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्था व १९८९ पासून हार्व्हर्ड विद्यापीठ येथे त्यांनी अध्यापन केले. हार्व्हर्डमध्ये रॉबर्ट स्टॅव्हिन्स यांच्यासमवेत त्यांनी पर्यावरणीय अर्थशास्त्र व धोरण या विषयाचे चर्चासत्र दीर्घकाळ चालविले.

त्यांचे आरंभीचे संशोधन सोव्हिएट अर्थव्यवस्था व नियोजन यांविषयी होते. कारखान्यांना किंमती ठरवून द्याव्यात की उत्पादनाची लक्ष्ये, हा नियोजनातील जुना वाद त्यांनी ‘प्राइसेस व्हर्सेस क्वांटिटीज’ (१९७४) या लेखात सर्वसाधारण स्वरूपात मांडला. प्रदूषणावर कर बसविल्यास कारखानदारावर दर टनामागे पडणारा भार निश्चित होतो, पण प्रदूषण किती घटेल हे अनिश्चित राहते. प्रदूषणाची मर्यादा ठरविल्यास याच्या उलट घडते. नियंत्रणाचा खर्च शासनास नेमका ठाऊक असता, तर दोन्ही उपाय सारखेच ठरले असते. प्रदूषण थोडे वाढताच हानी झपाट्याने वाढत असेल, तर मर्यादा श्रेयस्कर. नियंत्रणाचा सीमांत खर्च त्याहून वेगाने चढत असेल, तर कर. कार्बन डाय-ऑक्साइड वातावरणात वर्षानुवर्षे साठत राहत असल्याने एखाद्या वर्षीच्या वाढीघटीने हानीत फारसा फरक पडत नाही. म्हणून अनेक अर्थशास्त्रज्ञ याच निकषावर कार्बन-कराकडे झुकतात.

दूरच्या भविष्यातील हानीचे आजचे मूल्य काढताना वटावाचा दर किती धरावा, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. वाइट्समन यांनी २,१६० अर्थशास्त्रज्ञांची मते मागवून (२००१) हा मतभेदच हिशेबात घेतला. समजा, २०० वर्षांनी १० लाख रुपयांची हानी होणार आहे. द. सा. ४ टक्के दराने तिचे आजचे मूल्य सु. ३९० रु., तर १ टक्का दराने सु. १,३७,००० रु. येते. दोन्ही दर सारखेच संभाव्य मानल्यास मूल्यांची सरासरी सु. ६८,५०० रु. होते, दरांचीच सरासरी (२·५ टक्के) घेतली, तर मूल्य केवळ सु. ७,१६० रु. भरते. दीर्घ काळासाठी लहान दरच निर्णायक ठरतो, तो यामुळे.

हवामानबदलासंबंधीचा त्यांचा ‘निराशाजनक सिद्धांत’ (२००९) अधिक वादग्रस्त ठरला. अतितीव्र तापमानवाढीची संभाव्यता अल्प असली, तरी ती पुरेशा वेगाने शून्याकडे जात नसेल, तर अपेक्षित हानी अमर्याद ठरू शकते आणि खर्च-लाभाचा नेहमीचा हिशेब अपुरा पडतो, असे त्यांचे प्रतिपादन. हा निष्कर्ष विशिष्ट गृहीतांपुरताच खरा असल्याचा आक्षेप विल्यम नॉर्डहाउस यांनी घेतला. आक्षेप सबळ असला, तरी सरासरी अंदाजावर विसंबण्याची सवय या सिद्धांताने मोडली, हे मान्य करावे लागते. गेरनोट वॅग्नर यांच्यासह लिहिलेल्या क्लायमेट शॉक (२०१५) या ग्रंथात त्यांनी हेच विचार सामान्य वाचकांसाठी मांडले.