पुंगळी अडते तेव्हा

गोळी सुटल्यावर मागे उरलेली पितळी पुंगळी पिस्तुलाबाहेर पडते ती दोन भागांमुळे. स्लाइड मागे जाताना एक्स्ट्रॅक्टरची आकडी पुंगळीच्या बुडाची कड धरून तिला चेंबरमधून ओढते. मग ते बूड फ्रेमवर पक्क्या बसवलेल्या इजेक्टरवर आपटतं आणि पुंगळी उजवीकडच्या खिडकीतून उडते. जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेल्या आणि अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेल्या एम१९११ पिस्तुलाचं कामही असंच चालतं.

पुंगळ्या कुठे पडतात, हे आधी पाहावं. काही फुटांवर, साधारण एकाच जागी पडत असतील तर सगळं ठीक. जेमतेम बाहेर येऊन पायाशी पडल्या किंवा खिडकीत उभ्या अडकल्या, तर बहुधा स्लाइड पूर्ण मागे जात नसते. काडतूस कमी दाबाचं असतं, स्प्रिंग जास्त कडक असते, तेल वाळलेलं असतं किंवा मनगट ढिलं पडलेलं असतं. .४५ कॅलिबरच्या पूर्ण लांबीच्या एम१९११ला नेहमीच्या काडतुसांसाठी १६ पौंडांची रिकॉइल स्प्रिंग लागते; हलकी काडतुसं वापरणारे लक्ष्यवेधी नेमबाज त्याहून मऊ स्प्रिंग बसवतात.

पुंगळ्या कधी डोक्यावर, कधी पुढे, अशा वाटेल तिथे उडत असतील तर एक्स्ट्रॅक्टर तपासायला हवा. लोक आधी स्प्रिंगा बदलत बसतात, आणि त्यात नाहक वेळ जातो. एम१९११च्या एक्स्ट्रॅक्टरला वेगळी स्प्रिंग नसते. पोलादाची ती लांब पट्टीच किंचित वाकवलेली असते आणि तो बाक कमी झाला की पकड सुटते. अशा वेळी अनेकदा मॅगझिनमधली शेवटचीच पुंगळी अडते, कारण तिला खालून आधार द्यायला पुढचं काडतूस नसतं.

तपासणी सोपी आहे. मॅगझिन काढून, चेंबर रिकामं असल्याची डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करून स्लाइड उतरवावी. रिकामी पुंगळी खालून आकडीत सरकवावी आणि स्लाइड हलकेच हलवावी. पुंगळी लगेच गळून पडली तर पकड सैल आहे. आकडीखाली साचलेली काजळीही हाच दोष दाखवते, म्हणून आधी ती खरवडून काढावी. चेंबरमध्ये हाताने काडतूस टाकून स्लाइड सोडण्याची सवय मात्र मोडायलाच हवी. या पिस्तुलात काडतुसाची कड मॅगझिनमधून वर येताना आकडीखाली सरकते, आकडीने तिच्यावर उडी मारणं अपेक्षित नाही.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि पहिली बदलावी ती मॅगझिन. बाक पुन्हा देण्याचं काम जाणकार आर्मररकडेच सोपवावं.