‘रिकामीच होती’ असं सांगायचं नसतं, दाखवायचं असतं! नेमबाजी स्पर्धेतले सुरक्षेचे नियम, सोप्या भाषेत

अहिल्यानगर : गोळीबाराचा आवाज आपल्या जिल्ह्याला नवा नाही. के. के. रेंजवर लष्कराचा सराव सुरू झाला की नगर, राहुरी, पारनेर तालुक्यांतल्या कडेच्या गावांना तो लांबूनच कळतो. पण आता बंदुकीचा विषय वेगळ्या वाटेने घरात येऊ लागलाय. पोरगं किंवा पोरगी शाळेतून येते आणि म्हणते, “मला शूटिंगला जायचंय.”

याला कारणही तसंच आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकलं. राधानगरी तालुक्यातलं हे छोटं गाव. २००९ मध्ये राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झालेला, पुढे रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागलेला हा मुलगा. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये कुस्तीत पदक आणलं, त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक पदक मिळालं. त्याआधी कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० मध्ये विश्वविजेत्या झाल्या आणि राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलं. खेड्यातल्या पोरांनीही हा खेळ खेळावा, हे आता स्वप्न राहिलेलं नाही.

तरी आईच्या मनात पहिला प्रश्न येतोच, “बंदूक हाय ती. काही होणार तर नाही ना?”

प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर क्लबच्या बोर्डावर किंवा भिंतीवरच्या पदकांच्या फोटोत मिळत नाही. रेंजवर नियम किती कडक पाळतात, यावर ते अवलंबून असतं. ते नियम कोणते, ते समजून घेऊ.

आधी बंदूक कोणती ते बघा

शालेय आणि क्लब पातळीवरची सुरुवात बहुतेक वेळा १० मीटरच्या एअर रायफल किंवा एअर पिस्तूलने होते. यात दारू नसते. दाबलेल्या हवेच्या जोरावर ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा सुटतो. “हवेचीच तर आहे” म्हणून कोणी हलक्यात घेऊ नये. स्पर्धेच्या रायफलीतला छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जातो. जवळून लागला तर डोळा कायमचा जाऊ शकतो.

पुढच्या टप्प्यावर पॉइंट टू टू येते. एनसीसीच्या पोरांना ती ओळखीची असते. तिची गोळी खरी असते आणि मोकळ्या रानात दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. म्हणून या बंदुकीच्या रेंजला मागे भक्कम बांध किंवा भिंत लागते आणि परवाना, नोंद हे सगळं चोख लागतं.

सगळ्या नियमांची आई

जगात कुठेही स्पर्धा असो, बाकीचे सगळे नियम या चार गोष्टींतून निघतात.

१. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असंच समजून हाताळायची. काल रात्री स्वतः रिकामी केली असली तरीही.

२. नळीचं तोंड कायम टार्गेटच्या दिशेला. वळून मित्राशी बोलायचं असेल तर आधी बंदूक खाली ठेवायची, मग वळायचं.

३. नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर.

४. हुकूम मिळाल्याशिवाय छर्रा भरायचा नाही.

गावाकडे एअरगनचे अपघात आठवून बघा. नंतर जे वाक्य ऐकू येतं ते ठरलेलं असतं, “रिकामीच होती हो!” नेमबाजीच्या रेंजवर या वाक्याला किंमत शून्य. तिथे बंदूक रिकामी आहे असं कोणी तोंडाने सांगितलेलं चालत नाही. ते सगळ्यांच्या डोळ्यांना दिसावं लागतं.

केशरी दोरीचं काम काय?

रेंजवर ठेवलेल्या रायफलींच्या नळीतून झगझगीत केशरी रंगाची दोरी किंवा पट्टी बाहेर आलेली दिसते. ती शोभेसाठी नसते. तिला ‘सेफ्टी फ्लॅग’ म्हणतात. एअरगनमध्ये ही दोरी नळीच्या पूर्ण लांबीतून आरपार जावी लागते. आत छर्रा असेल तर ती जाणारच नाही. त्यामुळे दोन्ही बाजूंनी दोरी दिसली की ती बंदूक रिकामी आहे, हे दहा पावलांवरून शेंबड्या पोरालाही कळतं.

नियम असा : बंदूक पेटीतून काढताना, ठेवताना, नेताना फ्लॅग आतच. अधिकाऱ्याने परवानगी दिल्यावरच तो काढायचा. स्पर्धा संपल्यावर बोल्ट उघडा ठेवायचा, फ्लॅग घालायचा, रेंज ऑफिसरला बंदूक दाखवायची आणि मगच ती पेटीत. न दाखवता बंदूक पेटीत भरली किंवा जागेवरून उचलून नेली, तर चांगले गुण मिळवलेला खेळाडूही बाद ठरू शकतो. कारण पेटीत गेलेली भरलेली बंदूक पुढे एसटीत, जीपमध्ये, घरात जाते.

चार हुकूम, बाकी शांतता

रेंजवर एकच आवाज चालतो, तो रेंज ऑफिसरचा. मोठ्या स्पर्धेत नेम जुळवायला आणि तयारीला १५ मिनिटं देतात. त्यानंतर मुख्य फेरी. १० मीटरमध्ये ६० छऱ्यांसाठी इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं असतात. या सगळ्या वेळात मुलांना चार शब्द पाठ पाहिजेत.

लोड – आता भरा. १० मीटरमध्ये एका वेळी एकच छर्रा.

स्टार्ट – आता मारा.

स्टॉप – त्या क्षणी थांबा. नेम लागलेला असला, शेवटचाच छर्रा राहिलेला असला, तरी बोट बाहेर.

अनलोड – रिकामी करा, उघडी ठेवा, फ्लॅग घाला. एनसीसीचा ‘खाली कर’ म्हणजे हेच.

यातला ‘स्टॉप’ सगळ्यात मोठा. तो ऐकल्यावर परवानगीशिवाय भरलेल्या बंदुकीला हात लावणारा खेळाडू बाद होऊ शकतो. आणि धोका दिसला की थांबायची वाट बघायची नाही. शेजारच्या खेळाडूच्या हातातली बंदूक वळली, कोणी चुकून पुढे गेलं, तर ते ताबडतोब अधिकाऱ्याच्या कानावर घालणं खेळाडू आणि प्रशिक्षक दोघांचंही काम आहे. पोरांना हे आधीच सांगून ठेवा, की इथे ओरडलं तर कोणी हसत नाही.

टार्गेट बदलताना

तालुका-जिल्हा पातळीवर बऱ्याच ठिकाणी कागदी टार्गेट असतात. काही रेंजवर ती दोरीने ओढून जवळ आणता येतात, काही ठिकाणी माणसाला पुढे जाऊन बदलावी लागतात. माणूस पुढे गेला, की मागे कोणाचाही हात बंदुकीवर नको. सगळ्या बंदुका उघड्या, फ्लॅग आत. “फक्त बघतो”, “फक्त पुसतो”, “नुसता नेम धरून बघतो” हेही नाही. पुढे गेलेला माणूस मागे आला, अधिकाऱ्याने रेंज मोकळी असल्याचं सांगितलं, मगच पुन्हा सुरुवात.

रिकाम्या बंदुकीने नुसता चाप ओढायचा सरावही फायरिंग लाइनवर किंवा ठरवून दिलेल्या जागीच, तोही परवानगी घेऊन. खोलीत, व्हरांड्यात, झाडाखाली नाही.

बंदूक अडकली तर?

नवखी पोरं इथेच गडबडतात. छर्रा सुटला नाही की बंदूक वळवून नळीत बघतात. हे कधीही करायचं नाही. नळी टार्गेटकडेच ठेवायची, बोट बाहेर घ्यायचं आणि हात वर करायचा. अधिकारी येईल, तपासेल, मग पुढचं.

वेळ जातो? जातोच. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकरचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं. दुरुस्तीत बराच वेळ गेला. उरलेले नेम तिला घाईत मारावे लागले. ५७५ गुण झाले आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. तीच मनू पॅरिसमध्ये दोन कांस्यपदकं घेऊन आली. बिघाडामुळे एक स्पर्धा गेली तर पुढची मिळते, एवढं पोरांनी लक्षात ठेवायचं.

कान, डोळे, हात आणि सिलिंडर

- फायरिंग लाइनजवळ कानात बोळे किंवा कानावर मफ पाहिजे. गाणी ऐकायचे इयरफोन चालत नाहीत, हुकूम ऐकू आला पाहिजे.
- डोळ्यांना न फुटणाऱ्या काचेचा चष्मा.
- छर्रे शिशाचे असतात. ते तोंडात धरायचे नाहीत. सराव झाला की साबणाने हात धुवायचे, मगच डबा उघडायचा.
- एअर रायफलच्या हवेच्या सिलिंडरवर मुदत लिहिलेली असते. मुदत संपलेला सिलिंडर वापरायचा नाही, भरायचाही नाही. जुनी रायफल स्वस्तात मिळत असेल तर आधी ही तारीख वाचा.

पिवळं, हिरवं, लाल

आंतरराष्ट्रीय नियमांत पिवळं कार्ड म्हणजे ताकीद, हिरवं म्हणजे गुण वजा आणि लाल म्हणजे स्पर्धेतून बाहेर. आपल्याकडे हिरवा रंग चांगला मानतात, इथे मात्र तो महागात पडतो. धोकादायक चुकीला पिवळ्या-हिरव्याची पायरी लागत नाही, थेट लाल कार्ड दाखवता येतं. तुमच्या पोराला असं बाहेर काढलं तर अधिकाऱ्याशी हुज्जत घालू नका. त्याने एका पोराची स्पर्धा थांबवली असेल, पण शेजारच्या दहा पोरांचं रक्षण केलंय.

पालकांनी क्लब निवडताना हे बघा

फी विचारायच्या आधी अर्धा तास मागे उभं राहून सराव बघा. चांगला क्लब बघू देतो.

- सराव चालू असताना एक जबाबदार माणूस फक्त लक्ष ठेवायला उभा आहे का? तो स्वतः नेम मारण्यात गुंग नसावा.
- ठेवलेल्या प्रत्येक बंदुकीत फ्लॅग दिसतोय का?
- टार्गेटच्या मागे आणि बाजूंना भिंत किंवा बांध आहे का? बाजूने एखादं दार, पायवाट रेंजमध्ये उघडत नाही ना?
- सराव संपल्यावर बंदुका आणि छर्रे कुलपात जातात का?
- पहिल्या दिवशी पोराच्या हातात बंदूक देतात, की आधी नियम शिकवतात?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर “आधी नियम” असेल, तर क्लब बरा समजायचा. शालेय स्पर्धांची माहिती शाळेच्या क्रीडा शिक्षकांकडे आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते.

स्पर्धा बघायला जाणाऱ्यांनीही दोन गोष्टी पाळाव्यात. आखलेल्या रेषेच्या पुढे पाऊल नाही आणि नेम धरलेल्या खेळाडूचा फ्लॅश मारून फोटो नाही. लहान पोराचा हात सोडू नका.

घरी आणि शेतावर

खरी जोखीम रेंजपेक्षा घरी जास्त. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंतची आणि ठरावीक ताकदीच्या आतली एअरगन परवान्याशिवाय घेता येते. म्हणून ती खुंटीला टांगायची वस्तू होत नाही. बंदूक एका कुलपात, छर्रे दुसऱ्या कुलपात, किल्ली मोठ्या माणसाकडे. मका-बाजरीवर येणाऱ्या मोरांवर ती चालवली तर वन्यजीव कायद्याने गुन्हा होतो. मोर राष्ट्रीय पक्षी आहे.

दारूगोळ्याच्या बंदुकीला परवाना लागतोच आणि २१ वर्षांच्या आत तो मिळत नाही. वरातीत, मिरवणुकीत हवेत बार काढायची हौस तर आता थेट तुरुंगात नेते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा आनंदाचा गोळीबार केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

के. के. रेंजचं वेगळं

नाव ‘रेंज’ असलं तरी ती क्लबची जागा नाही. तिथे लष्कराचे खरे गोळे पडतात. सरावाच्या तारखा प्रशासन जाहीर करतं, त्या दिवशी जनावरंसुद्धा तिकडे सोडू नयेत. सराव संपला म्हणजे धोका संपला असंही नाही. न फुटलेला गोळा जमिनीत पडून राहतो आणि भंगाराच्या चार पैशांपायी त्याला हात लावणाऱ्यांचे जीव या भागात गेलेले आहेत. असं काही दिसलं तर हात न लावता मागे फिरा आणि ११२ वर किंवा पोलीस पाटलांना कळवा. तिथेही तोच नियम लागू होतो, की डोळ्यांनी खात्री झाल्याशिवाय रिकामं समजायचं नाही.

पोराला शूटिंगला पाठवायचं असेल तर जरूर पाठवा. पहिल्या आठवड्यानंतर घरी आल्यावर मात्र “किती दहा लागले?” एवढंच विचारू नका. “उठताना फ्लॅग घातला होता का, आणि सरांना दाखवलास का?” हेही विचारा. पोराने न अडखळता “हो” म्हटलं, तर शिकवणी नीट चालली आहे असं समजा.